ऊंजलावरचं नाव

माझ्या जयलक्ष्मी मावशीशी वैर घेऊ नये, हे आमच्या गल्लीत शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मावशी ओरडत नाही, भांडी आपटत नाही. ती राग मुरवते. ईडलिंबाच्या लोणच्यासारखा बरणीत भरून, तोंडाला फडकं बांधून, अधूनमधून ढवळत. मार्केटातल्या एका वांगीवाल्यानं तिला ऐन चाळिशीत 'पाट्टी', म्हणजे आजी, अशी हाक मारली होती. त्या दिवसापासून मावशी वांगी शेजारच्या दुकानात घेते आणि पिशवीचं तोंड उघडं ठेवून ह्याच्या दुकानावरून चालत जाते. तो बिचारा आता स्वतः आजोबा झाला, दात पडले, तरी हिची पिशवी उघडीच.

मी साईप्रिया, तिची भाची. लग्न होऊन सांगलीला गेले, बरीच वर्षं तिथं काढली, तिथल्या बायकांकडून भांडायला शिकले आणि देवनागरी लिहायलाही. नवऱ्याची बदली तिरुचीला झाली तशी परत तंजावूरला आले. आता मावशी वरच्या मजल्यावर, मी खालच्या. आमची तंजावुरी मराठी ऐकून सांगलीचे लोक हसायचे, माझी सांगलीची मराठी ऐकून मावशी हसते. "तूं बोलतीस की भांडतीस?" म्हणते. मी म्हणते, दोन्ही.

मावशीनं लग्न केलं नाही. वीज खात्यात नोकरी केली, तीही तक्रारीच्या खिडकीवर. लाईट गेली की अर्धं तंजावूर तिच्या खिडकीशी येऊन बोंबलायचं आणि ही थंडपणे विचारायची, "केव्हां गेली? कुठली गल्ली? शेजारी आहे का?" त्यामुळे तक्रार कशी करावी आणि समोरच्याला कुठं धरावं, हे तिला कुणी शिकवायला नको. घरात ती आणि तिची आई, म्हणजे माझी आजी चंद्रमतीबाई. दोघींचा फार जीव होता एकमेकींवर. मावशीच्या बरणीत जे सगळ्यात जुनं आणि सगळ्यात तिखट लोणचं आहे, ते आजीच्या नावाचं.

आजीकडं एक ऊंजल होता. ऊंजल म्हणजे झोपाळाच, पण आमच्या लोकांपुढं नुसतं झोपाळा म्हटलंत तर नाकं मुरडतील. सागाची रुंद फळी, पितळेच्या साखळ्या, साखळीच्या कड्यांमध्ये पोपट आणि हत्ती. आमच्याकडं लग्नात नवरानवरीला ऊंजलावर बसवतात. सवाष्णी गाणी म्हणत हलके झोके देतात, रंगीत भाताच्या गोळ्यांनी दृष्ट काढतात, दूध-केळं भरवतात. ते झाल्याशिवाय लग्न झालं असं कुणाला वाटतच नाही. राजवाड्यामागच्या आमच्या गल्ल्यांत असा ऊंजल एकच. पहिली पत्रिका देवापुढं, दुसरी आजीपुढं, आणि तोंडी निरोप, "मामी, ऊंजल होणा," म्हणजे हवा. आजीनं कधी कुणाला नाही म्हटलं नाही. माझी आई त्यावर बसली, मी बसले, गल्लीतल्या सुना बसल्या. सगळ्यांच्या तोंडी त्याचं नाव एकच: चंद्रमतीबाईंचा ऊंजल.

पुढं जुनं घर विकलं आणि मायलेकी फ्लॅटात आल्या. तिथल्या छताला ऊंजल कुठला टांगणार? नेमके तेव्हाच हरिप्रसादराव उगवले. हेही आमच्याच गल्लीतले. बाप लहानपणीच गेला. आई अंबुजाबाई चार घरी स्वयंपाक करायची, एके काळी आमच्या आजीच्या घरीसुद्धा. पोरगा हुशार निघाला, कॉलेजात प्राध्यापक झाला, निवृत्तीनंतर इथल्या मराठी घरांतल्या वस्तूंचं एक छोटं संग्रहालय काढून त्याचा चिटणीस होऊन बसला. हात जोडून आजीला म्हणाला, "मामी, ऊंजल आम्हांला द्या. खाली पाटीवर तुमचं नाव घालीन." आजीनं दिला. चिंचेनं साखळ्या घासून, फळीला तेल पाजून, कुंकू लावून दिला.

संग्रहालय उघडलं त्या दिवशी आजी नऊवारी नेसून, चार शेजारणी बरोबर घेऊन गेली. पाटी तमिळ आणि इंग्रजीत होती. आजीला डोळ्यांनी कमी दिसायचं, म्हणून तिनं मावशीला मोठ्यानं वाचायला सांगितलं. मावशी भोळेपणानं वाचत गेली: "अंबुजाबाई यांचा झोपाळा. देणगी, त्यांचे चिरंजीव हरिप्रसादराव." आजीनं परत वाचायला लावलं. शेजारणी एकमेकींकडं बघायला लागल्या. मावशी तरातरा हरिप्रसादरावांकडं गेली आणि म्हणाली, पाटी चुकली आहे. हा गृहस्थ भर लोकांत तिच्या डोळ्यांत डोळे घालून म्हणाला, "चुकली नाही. पाटी बरोबर आहे."

आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच! मी सांगलीहून फोनवर ऐकलं तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली होती. आजी मात्र एक अक्षर बोलली नाही. त्या गल्लीत तिनं परत पाऊल टाकलं नाही. शेवटच्या आजारात एकदा तिनं विचारलं, "नाव लागलं की?" मावशीला लागलं म्हणवेना आणि नाही म्हणवेना. आजी गेली आणि तेराव्याला मावशी मला म्हणाली, "साई, आईचं नाव तेठ लागल्याशिवाय मी ह्याला सोडणार नाही. त्याच्या तोंडून वदवीन."

तिनं काय काय केलं म्हणून सांगू! विश्वस्तांना भेटली, ते म्हणाले चिटणिसांना भेटा. चिटणिसांना भेटली, ते म्हणाले पुरावा आणा. चोराच्या उलट्या बोंबा! मग कुठं कार्यक्रमात हरिप्रसादराव प्रमुख पाहुणे असले की मावशी पहिल्या रांगेत जाऊन बसायची, आणि ते बोलायला उभे राहिले की उठून, पदर झटकून, सगळ्या सभागृहासमोरून चालत बाहेर. दर वेळी. शेवटी ते भाषणाआधी पहिली रांग चाचपायला लागले. मला हसू यायचं, पण मावशीला नाही. पाटी जागची हलत नव्हती.

मग हे अ‍ॅप आलं. चेन्नईच्या एका संस्थेनं संग्रहालयाला मदत देऊ केली होती. लोकांनी फोन हातात धरून दालनांतून हिंडायचं, हवी ती वस्तू बोलून किंवा टाइप करून शोधायची, मग फोन वाट दाखवणार आणि त्या वस्तूची गोष्ट ऐकवणार. तमिळमध्ये, इंग्रजीत आणि आमच्या मराठीत. मराठी गोष्टी खुद्द हरिप्रसादरावांच्या आवाजात. हे अ‍ॅप साध्यासुध्या माणसाला वापरता येतं का, हे तपासायला लक्ष्मीप्रिया नावाची मुलगी चेन्नईहून आली. तिला घरात मराठी बोलणारी माणसं हवी होती. गल्लीत कुणीतरी तिला मावशीचं दार दाखवलं, कारण कुठल्या घरात कोण राहतं हे मावशीइतकं कुणालाच माहीत नाही.

मावशीनं आधी तोंडावर सांगितलं, "त्या माणसाच्या दारांत माझा पाय नक्को पडायला." पण पोरगी गोड होती. मावशीनं दिलेली कापी, म्हणजे आमची कॉफी, पीत पीत आपलं काम समजावत राहिली. ती तमिळमध्ये बोलत होती, मी इथं मराठीत सांगते.

"आम्ही तुमची परीक्षा घेत नाही, अक्का. अ‍ॅपची घेतो. तुम्हाला एखादी वस्तू सापडली नाही, तर चूक अ‍ॅपची. वापरणारा कधीच चुकत नाही."

"बेस," मावशी म्हणाली. "पुढं?"

"वापरताना मनात येईल ते मोठ्यानं बोलत राहायचं. काहीही. राग आला तर रागसुद्धा. आम्हाला तेच ऐकायचं असतं."

मावशीनं हातातला टंबलर खाली ठेवला. "तेव्हां तेठ कोण कोण असतं?"

"मी असते. मागं संस्थेच्या बाई बसतात आणि चिटणीस सर बसतात. पण त्यांनी फक्त बघायचं. मदत करायची नाही, खुलासा द्यायचा नाही, एक शब्द बोलायचा नाही. बोलले तर तपासणी बाद."

"चिटणिसांनी पण?"

"चिटणिसांनी पण."

मावशी उठली आणि तिच्यासाठी आणखी कापी घेऊन आली, ह्या खेपेला वर फेस आलेली. "तुज किती बायका होणा?" तिनं विचारलं.

ती गेल्यावर मी म्हटलं, "मावशी, सगळ्यांना नीट पढवून ठेवू या. काय बोलायचं ते पाठ करून घेऊ." "पढवायचं कासाला?" ती म्हणाली. "गल्लीत कोण त्याला दुसऱ्या नावानं बोलवतं? तूं फक्त बघ." आणि खरंच, तिनं कुणाला काहीसुद्धा सांगितलं नाही. फक्त घरोघरी जाऊन ज्यांनी ज्यांनी ऊंजल नेला होता, त्यांच्या सुनालेकी गोळा केल्या. लबाडी म्हणाल तर एवढीच.

तपासणी संग्रहालयातच होती. एका टोकाला टेबल, त्यावर फोन, समोर लक्ष्मीप्रिया. पाठीमागच्या भिंतीशी दोन खुर्च्या, एकीवर संस्थेच्या बाई आणि दुसरीवर हरिप्रसादराव, इस्त्रीचा झब्बा घालून. आम्ही बाकीच्या बाजूच्या बाकावर. आम्हालाही ताकीद तीच. शाळेतल्यासारखं, हाताची घडी, तोंडावर बोट.

पहिल्या बसल्या भुवनामामी. मराठीचं बटण दाबलं तर समोर देवनागरी आली. मामी म्हणाल्या, "अय्यो, हे हिंदी कासाला? मज मराठी होणा!" आमच्याकडं मराठी बोलतात सगळे, वाचणारा एखादा. लक्ष्मीप्रिया खूश, भराभरा लिहून घेत होती. मग तिनं काम दिलं, "इथं एक लग्नातला झोपाळा आहे. तो शोधा आणि त्याची गोष्ट ऐका." मामींनी फोन तोंडाजवळ नेला आणि खणखणीत सांगितलं, "चंद्रमतीबाईंचा ऊंजल!"

फोन म्हणाला, काही सापडलं नाही. तुम्हाला चंद्रहार म्हणायचं आहे का?

"चंद्रहार? म्हातारपणी मज कोण देतो चंद्रहार?" मामी म्हणाल्या. लक्ष्मीप्रियानं विचारलं, आता काय कराल? "जोरानं सांगीन. ठार बहिरं आहे हे." आणि त्या अशा ओरडल्या की बाहेरच्या अंगणातले कावळे उडाले. चंद्रमतीबाईंचा ऊंजल! काही सापडलं नाही. चंद्रमतीबाईंचा! काही सापडलं नाही. हरिप्रसादराव खोकले. संस्थेच्या बाईंनी त्यांच्याकडं नुसतं बघितलं आणि तेवढ्यानं खोकला थांबला.

मग हरिता. ही गल्लीतली नवीन सून, फोनवर बोटं पाण्यासारखी चालतात. तिनं इंग्रजी अक्षरांत आजीचं नाव टाइप केलं, मग जरा वेगळं करून टाइप केलं, मग सगळी यादी खाली सरकवत गेली. यादीत 'अंबुजाबाईंचा झोपाळा' आला. चित्रही आलं. आणि हरिता ते मागं टाकून पुढं गेली! लक्ष्मीप्रियानं विचारलं, हा का नाही उघडलास? हरिता म्हणाली, "हा दुसऱ्या कुणाचा असेल. आपला चंद्रमतीबाईंचा. माझ्या सासूबाई बसल्या आहेत त्यावर."

"अहो, तोच तो!" हरिप्रसादराव ताडकन उठले.

"सर, बसा," लक्ष्मीप्रिया म्हणाली. "बोलायचं नाही."

बसले. मुकाट्यानं बसले! कान तांबडेलाल. इतकी वर्षं माइक हातात धरून गावाला शहाणपण शिकवणारा माणूस, आणि कालच्या पोरीनं त्याला बस म्हटलं की बसला. मला आतून अशा उकळ्या फुटत होत्या की पदर तोंडात कोंबावा लागला. माझी पाळी आली तेव्हा मीही हात धुऊन घेतले. सावकाश, शब्द तोडून तोडून, आजीचं नाव घेतलं, आणि दर वेळी 'काही सापडलं नाही' आलं की मान वळवून भिंतीकडच्या खुर्चीकडं बघितलं. हो, मुद्दामच. खोटं कशाला बोलू?

सगळ्यात शेवटी मावशी. तिनं आजीचं नाव एकदाच घेतलं. सापडलं नाही, तशी शांतपणे यादी सरकवून तो अंबुजाबाईंचा झोपाळा उघडला आणि गोष्ट लावली. दालनभर हरिप्रसादरावांचा आवाज घुमला: हा झोपाळा माझ्या मातोश्रींचा, रोज संध्याकाळी त्या यावर बसून पदं म्हणत.

"आतां मनांत येतं ते बोलायचं ना?" मावशीनं विचारलं.

"हो, अक्का."

"ही बाई मज ठाऊक आहे. आमच्या घरी चुलीपुढं असायची. संध्याकाळी तिच्या डोळ्यांत धूर असायचा, तोंडात पदं कुठून येणार? ऊंजल कुठला, तिच्या खोलीला तो टांगायला तुळई नव्हती. हा ऊंजल माझ्या आईचा. ह्या भिंतीशी बसलेल्या माणसानं हात जोडून मागून नेला, पाटीवर नाव घालतों म्हणाला, आणि आईच्या देखत, शेजारणींच्या देखत, स्वतःच्या आईचं घातलं. माझी आई नाव विचारत मेली. माझ्या मनांत येतं की ह्याची जीभ झडावी. पण मग गोष्ट कोण दुरुस्त करणार, म्हणून राहूं दे."

लक्ष्मीप्रियाची लेखणी थांबली होती. तरी नेमातला प्रश्न तिनं विचारलाच, "अक्का, इथं तुम्हाला काय अपेक्षित होतं?"

"माझ्या आईचं नाव."

हरिप्रसादराव गुडघ्यावर मुठी आवळून बसले होते. तोंड उघडायची सोय नव्हती. मावशीनं फोन टेबलावर ठेवला, उठली आणि त्यांच्या खुर्चीवरून, अगदी पदर लागेल इतक्या जवळून, बाहेर गेली.

निकाल दुसऱ्याच दिवशी लागला. लक्ष्मीप्रिया निरोप घेऊन घरी आली. संस्थेच्या बाईंनी बैठकीत स्पष्ट सांगितलं होतं की गावातली झाडून सगळी माणसं ह्या वस्तूला ज्या नावानं ओळखतात ते नाव अ‍ॅपमध्ये नाही, म्हणजे चूक अ‍ॅपची. नाव बदला, पाटी बदला, गोष्ट नव्यानं ध्वनिमुद्रित करा, आणि परत तपासा. विश्वस्तांनी माना डोलावल्या.

"आणि तो काय म्हणाला?" मावशी.

"सरांनी एवढंच विचारलं, खरी गोष्ट सांगू का? जशी घडली तशी? बाई म्हणाल्या, तीच तर पाहिजे."

मी टाळी वाजवली. म्हटलं, बस! आता नाक घासत कबूल करावं लागणार मेल्याला, तेही स्वतःच्या आवाजात, येणारा-जाणारा ऐकेल असं. करावं तसं भरावं! मावशीनं भरपूर तूप सोडून केसरी, म्हणजे केशरी शिरा, केली, पहिला घास आजीच्या फोटोपुढं ठेवला. गल्लीत सगळ्यांना निरोप गेला. परत तपासायला मावशीच बसणार होती, तशी तिची अटच होती. लक्ष्मीप्रियानं कानात घालायचं यंत्र पुढं केलं, तेव्हा मावशी म्हणाली, "ते नक्को. मोठ्यानं लाव. सगळ्यांना ऐकूं दे."

त्या दिवशी बाकावर जागा पुरली नाही, बायका उभ्या होत्या. हरिप्रसादराव त्याच खुर्चीवर होते. झब्बा तसाच इस्त्रीचा, पण ते आमच्याकडं बघत नव्हते, ऊंजलाकडं बघत होते. मावशी रेशमी नेसून आली होती. तिनं फोन उचलला. आता मराठीच्या बटणाखाली तमिळ अक्षरांत मराठी होती, भुवनामामींची कृपा. मावशी म्हणाली, "चंद्रमतीबाईंचा ऊंजल."

सापडला. लगेच सापडला. फोननं बाण दाखवला आणि मावशी बाणामागून चालत ऊंजलापाशी गेली. नवी पाटी लागली होती: चंद्रमतीबाई यांचा ऊंजल. मावशीनं पाटीवरून बोट फिरवलं. माझे डोळे भरून आले. म्हटलं, आजी, लागलं गं नाव तुझं. मग मावशीनं गोष्टीचं बटण दाबलं आणि मागं वळून, तोंडभर हसून, हरिप्रसादरावांकडं बघत उभी राहिली.

त्यांचा आवाज आला. वाचल्यासारखा नाही, बोलल्यासारखा.

"हा ऊंजल चंद्रमतीबाईंचा. आमच्या गल्लीतली लग्नं ह्यावर झाली. इथं आधी माझ्या आईचं नाव होतं, ते मी लावलं होतं. ते खोटं होतं. माझी आई अंबुजाबाई चंद्रमतीबाईंच्या घरी स्वयंपाक करायची. ऊंजल बाहेर जायचा तेव्हा साखळ्या तीच घासायची. थोरल्या मुलीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी, सगळ्या साखळ्या घासून झाल्यावर, तिचे पाय दुखत होते म्हणून ती फळीवर टेकली. माझी आई विधवा होती. चंद्रमतीबाईंनी तिला दंडाला धरून उठवलं. फळी हळदीच्या पाण्यानं धुतली. आईला त्याच वेळी घरी पाठवलं आणि परत कामाला बोलावलं नाही. मी तेव्हा उंबऱ्यात बसलो होतो. पुढं ऊंजल माझ्याकडं आला, तेव्हा ह्यावर बसवायला आई राहिली नव्हती. म्हणून मी तिच्या नावाची पाटी लावली."

थोरल्या मुलीचं लग्न म्हणजे माझ्या आईचं लग्न! "खोटं!" मी किंचाळले. "धडधडीत खोटं! माझी आजी असं..."

लक्ष्मीप्रियानं माझ्याकडं बघून ओठावर बोट ठेवलं. बघणाऱ्यांनी बोलायचं नाही. वाटलं, मावशी आता ह्याला उभा जाळील. बायका सगळ्या तिच्याकडं बघत होत्या.

मावशीचं हसू कधी गेलं ते कळलं नाही. ती ऊंजलाच्या फळीकडं बघत राहिली.

"अक्का," लक्ष्मीप्रिया हलकेच म्हणाली, "मनात येतं ते बोला."

"हे चुकलं आहे," मावशी म्हणाली.

माझा जीव भांड्यात पडला. लक्ष्मीप्रियानं लेखणी उचलली. "काय चुकलं, अक्का?"

"पाणी आईनं नाही ओतलं." मावशीचा आवाज फार लहान झाला होता. "आईनं पाण्यानं भरलेला चेंबू माझ्या हातांत दिला. पाणी मी ओतलं. मज तो खेळ वाटला. अंबुजाबाई तेठ भिंतीशी उभी होती, तिच्या पायावर पण ओतलं. मी हसत होतें." ती थांबली. "आईचं एकटीचं नाव कासाला? माझं पण घाला."

मग मागून खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. हरिप्रसादराव उभे राहिले होते, आणि ह्या वेळी लक्ष्मीप्रियानं त्यांना बसा म्हटलं नाही.

"तुझं नाव मी मुद्दाम सोडलं होतं, जया," ते म्हणाले. "तू लहान होतीस."

मावशी त्यांच्याकडं वळली. त्यांनी पुरावा मागितल्यापासून ती त्यांच्याशी थेट एक शब्द बोलली नव्हती.

"सोडूं नक्को, हरी," ती म्हणाली. "घाल."

लक्ष्मीप्रियानं ते लिहून घेतलं.